पाऊस, मोजमाप आणि करार

मध्यंतरी एक विद्यार्थी माझ्याकडे आला होता. कळंब तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरचा, एम. ए. बऱ्या गुणांनी झालेला. पुढे संशोधन करावयाचे म्हणत होता. "विषय कोणता घेणार?" असे मी विचारले. तो म्हणाला, "सर, सोयाबीनच्या विम्याची भरपाई ठरते कशी, हा." विषय ऐकून मला बरे वाटले. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी आपल्या जिल्ह्यातले प्रश्न अभ्यासाला घ्यावेत, असे आम्ही वर्गात नेहमी सांगत असतो. पण सांगितलेले खरोखरच कोणी ऐकले, की आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

तो मात्र हिरमुसलेला होता. अर्थशास्त्राच्या एका मार्गदर्शकांकडे तो जाऊन आला होता. त्यांनी आराखडा चाळला आणि म्हटले, ह्यात निम्मे गणित आहे, तू संख्याशास्त्राकडे जा. संख्याशास्त्राच्या मंडळींनी सूत्रांची पाने पसंत केली; परंतु पर्जन्यमापकाच्या दोषांचे प्रकरण त्यांना नको होते. ते यंत्रशास्त्राचे काम, आणि कराराच्या कलमांचे काम तर आमचे मुळीच नव्हे, असे उत्तर मिळाले. शेवटी तो कायद्याच्या विभागात गेला. तेथे त्याला विचारण्यात आले, "बाबा रे, तुझ्याकडे कायद्याची पदवी आहे काय?"

तीन दारे झाली, आणि तिन्ही दारांवर त्याला सौजन्यानेच वाटेला लावण्यात आले. कोणी वाईट बोलले नाही. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या परीने बरोबरही होते. पण मी त्या दिवसापासून ह्या गोष्टीचा विचार करतो आहे, आणि आज आपल्यापुढे जे मांडणार आहे ते एवढेच, की ह्या तीन दारांच्या मधल्या बोळात आपल्या जिल्ह्यातल्या लाखो घरांचा पैसा अडकून पडलेला असतो.

आपणांपैकी बहुतेकांना २०२० चा ऑक्टोबर आठवत असेल. सोयाबीन काढणीला आलेले, कोठे कापून शेतात पसरलेले, कोठे गंजी लावून ताडपत्रीखाली झाकलेले. आणि महिन्याच्या मध्यावर पावसाने जो जोर धरला, तो कापलेल्या शेंगांना कोंब फुटेपर्यंत. त्यानंतर भरपाईचा वाद झाला. विमा कंपनीचे म्हणणे असे, की नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत मिळावयास हवी होती, आणि बहुसंख्य शेतकऱ्यांनी ती दिलेली नाही. शेतकरी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेले. मे २०२२ मध्ये खंडपीठाने जिल्ह्यातील साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना हेक्टरी १८,००० रुपये देण्याचा आदेश दिला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेले. त्या वेळी आपला जिल्हा उस्मानाबाद होता. २०२३ साली तो धाराशिव झाला. नाव बदलले, पण विम्याचा प्रश्न जुन्या नावाबरोबर गेला नाही.

आता ह्या वादाचा विषय कोणता म्हणावयाचा? कायदा? वरून पाहता तसेच दिसते. पण थोडे खाली उतरून पाहू.

विमा हा करार आहे. ह्या करारात, इतर करारांत सहसा नसते अशी एक वस्तू आहे: एक गणिती सूत्र. आणि त्या सूत्रात घालावयाचे आकडे कोणाच्या सांगण्यावरून येत नाहीत. ते शेतात कापलेल्या तुकड्यावरून, पर्जन्यमापकातून, किंवा दूरध्वनीच्या नोंदीतून येतात. म्हणजे मोजणाऱ्या यंत्राची चूक सूत्रात शिरते, आणि सूत्राची चूक कराराची अंमलबजावणी होऊन बसते. शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसाला, म्हणजे शेतकऱ्याला, फक्त बँकेच्या पासबुकातला आकडा दिसतो. तो कमी असला तर कोणाला विचारावे, हे त्याला कळत नाही. मला विचाराल तर, ते आम्हा शिकलेल्यांनाही नीटसे कळत नाही.

हे तीन विषय एकमेकांना असे परके पूर्वीही होते असे समजू नका. कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडून पाहावे. कोठाराच्या अधिकाऱ्याची कामे सांगताना, एक हात रुंद तोंडाचे कुंड पाऊस मोजण्यासाठी ठेवावे असे त्यात सांगितले आहे. पुढे शेतीच्या प्रकरणात निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाची मापे दिली आहेत, आणि त्यांत अश्मक देशाला साडेतेरा द्रोण असा आकडा आहे. अश्मक म्हणजे आपला गोदावरीकाठचा मुलूख. त्याच ग्रंथात व्याजाचे दर आहेत: एरवी दरमहा शेकडा सव्वा, व्यापारासाठी पाच, रानावनातून माल नेणाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस. जितका धोका मोठा तितके व्याज मोठे. आपले तेर, म्हणजे प्राचीन तगर, तेथून कापड गाड्यांवर लादून पैठणमार्गे भडोचच्या बंदराकडे जात असे, असे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासपुस्तकात नोंदलेले आहे. त्या गाडीवाल्यांच्या सावकाराला हे शेकडा दहाचे गणित पाठ असणार. एकाच ग्रंथात पर्जन्यमापक आणि धोक्याची किंमत, दोन्ही. लेखकाला ते वेगळे विषय वाटले नाहीत.

असो. आपण आपल्या काळाकडे येऊ.

पीक विम्याचा विचार हिंदुस्थानात प्रथम पद्धतशीर मांडला तो म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी. त्यांचे पुस्तक १९२० साली निघाले. त्यांची कल्पना अशी होती, की प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान पाहत बसण्यापेक्षा पाऊस किती पडला हे पाहावे आणि त्यावरून पैसे द्यावेत. कल्पना तेथेच राहिली. पुढे १९७६ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी ह्या विषयावर एक निबंध लिहिला. दांडेकर मूळचे साताऱ्याचे, बुद्धीने संख्याशास्त्रज्ञ आणि वृत्तीने फटकळ. त्यांचा मुद्दा साधा होता. एकेका शेताचा विमा चालणार नाही. लाखो शेते तपासणार कोण, आणि शेतकऱ्याने मुद्दाम दुर्लक्ष केले की निसर्गाने मारले हे ठरविणार कोण? तेव्हा एका सारख्या हवामानाचा टापू घ्यावा, त्याचे सरासरी उत्पन्न मोजावे, आणि सरासरी घटली तर टापूतल्या सर्वांना सारख्या प्रमाणात भरपाई द्यावी. ह्या धर्तीवर १९७९ साली प्रायोगिक योजना निघाली, १९८५ साली देशव्यापी योजना आली, १९९९ साली ती बदलली, आणि २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना सुरू झाली. नावे बदलली, हप्ते बदलले. मधे २०२३ पासून दोन वर्षे आपल्या राज्यात एका रुपयात विमा होता, तोही २०२५ च्या खरिपापासून गेला. पण दांडेकरांनी घातलेला पाया हललेला नाही.

ते सूत्र मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवितो. येथे शब्दांत सांगतो. मागल्या सात वर्षांपैकी चांगली पाच वर्षे निवडावयाची, त्यांची सरासरी काढावयाची, आणि तिला जोखीमस्तराने गुणावयाचे. हे झाले उंबरठा उत्पन्न. समजा एका महसूल मंडळात सोयाबीनचे हेक्टरी उत्पन्न सात वर्षांत १५, ११, ४, १२, ९, ३ आणि १३ क्विंटल आले. चार आणि तीन ही दोन वाईट वर्षे गळाली. उरलेल्या पाचांची बेरीज ६०, सरासरी १२. जोखीमस्तर शेकडा ७० धरला तर उंबरठा ८.४ क्विंटल. आता यंदा मंडळाचे उत्पन्न ६.३ भरले, तर तूट २.१ क्विंटल, म्हणजे उंबरठ्याचा चौथा हिस्सा. विम्याची रक्कम हेक्टरी ४५,००० असेल तर भरपाई ११,२५० रुपये. उत्पन्न उंबरठ्याच्या वर गेले तर काही नाही. हिशेब इतका सोपा, की दहावीच्या मुलाने करावा.

पण तो ६.३ चा आकडा आला कोठून?

पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने बांधीत. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, त्या मानाने यंदा किती आणे, हे गावचा अधिकारी बांधावर उभा राहून ठरवी. त्याचीच आजची पैसेवारी. नजरेत अर्थातच भीड येते, भीती येते, वरच्या साहेबांची मर्जी येते. ही पद्धत मोडून त्या जागी शास्त्रीय पीक कापणी आणण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे एक प्रमुख नाव. हेही सातारा जिल्ह्यातले, बुध गावचे, जन्म १९११. लंडनला संख्याशास्त्र शिकून आले आणि दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. पुढे जागतिक अन्न व शेती संघटनेत गेले. त्यांचे सहकारी वि. गो. पानसे. ह्या दोघांचे १९५४ साली निघालेले शेतीसंशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक कित्येक पिढ्यांनी वापरले.

पद्धत अशी. गावातले गट क्रमांक चिठ्ठ्या टाकल्यासारखे, यदृच्छेने निवडावयाचे. निवडलेल्या शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर उभे राहावयाचे. तेथून किती पावले लांबीत जावयाचे आणि किती रुंदीत, हेही आकड्यांच्या तक्त्यावरूनच. स्वतःच्या पसंतीने नव्हे. त्या जागी दोरी धरून तुकडा आखावयाचा, सोयाबीनसाठी १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. त्यातले पीक कापून, मळून, वजन करावयाचे. अशा दहा-बारा तुकड्यांची सरासरी म्हणजे त्या मंडळाचे उत्पन्न.

येथे एक जुना वाद आठवतो, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे मला जमणार नाही. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ च्या सुमारास तागाच्या पाहण्या सुरू केल्या. ते फार लहान तुकडे कापीत. लहान तुकडा स्वस्त पडतो आणि पुष्कळ घेता येतात, हा त्यांचा युक्तिवाद. सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिले, की तुकडा लहान केला की उत्पन्न प्रमाणाबाहेर जास्त येते. कारण गंमतीचे आहे. दोरीच्या रेषेवर जे झाड येते, ते आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की माणसाचा हात त्या झाडाला आत घेतो. पीक दिसते आहे ते टाकून कसे द्यावे! आणि तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची कड लांब. म्हणून चूकही मोठी. दोन थोर संख्याशास्त्रज्ञांचा हा वाद त्या काळी शास्त्रीय नियतकालिकांतून चालला, आणि विद्यार्थ्यांना आजही तो नमुना पाहणीच्या प्रकरणात शिकविला जातो. परीक्षेत पाच गुणांना येतो. तेवढ्यावर आपण त्याला सोडून देतो.

आता हाच वाद विम्याच्या सूत्रात नेऊन ठेवू. १० गुणिले ५ मीटरचा तुकडा म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. म्हणजे तुकड्यातला एक किलो हेक्टरी दोन क्विंटल होतो. वरच्या उदाहरणात ६.३ क्विंटल म्हणजे तुकड्यात ३ किलो १५० ग्रॅम. कडेची काही झाडे प्रत्येक वेळी आत ओढली गेली आणि दर तुकड्यात फक्त पाव किलो जास्त भरले, तर उत्पन्न ६.८ क्विंटल दिसेल. तूट २.१ ऐवजी १.६. भरपाई ११,२५० ऐवजी साधारण ८,५७०. पाव किलो सोयाबीनने हेक्टरी सुमारे २,६८० रुपये गिळले. आणि मंडळात पाच हजार हेक्टरांचा विमा असेल तर रक्कम सव्वा कोटीच्या वर जाते. एखादा कुशाग्र वाचक म्हणेल, की अहो, मागल्या सात वर्षांतही हीच चूक त्याच प्रमाणात झाली असेल. मग उंबरठाही तितकाच फुगलेला, आणि भागाकारात चूक कटून जाईल. अगदी बरोबर. चूक प्रमाणात आणि सातत्याने होत असेल तर ती कटते. पण मधेच पद्धत बदलली तर? जुनी वर्षे एका पद्धतीने मोजलेली आणि यंदाचे वर्ष दुसऱ्या, तर चूक कटत नाही. ती सबंधच्या सबंध कोणा तरी एका पक्षाच्या पदरात पडते. २०२३ पासून उपग्रहाच्या प्रतिमांवरून काढलेला अंदाज कापणीच्या आकड्यांत काही प्रमाणात मिसळण्याची पद्धत सुरू झाली आहे. उपग्रहाला कडेच्या झाडाचा मोह नसतो, हे खरे. पण उंबरठ्याची वर्षे मात्र दोरीने मोजलेली आहेत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ह्या सांध्यावर कोणी तरी बसून हिशेब केला पाहिजे, आणि तो करणारा माणूस संख्याशास्त्र जाणणारा हवा व करार वाचणाराही हवा, एवढेच म्हणतो.

पर्जन्यमापकाची गोष्ट ह्याहून मौजेची आहे. तहसीलच्या आवारातला जुना पर्जन्यमापक आपण पाहिला असेल. पाच इंच व्यासाचे नरसाळे, खाली बाटली, आणि सकाळी साडेआठला ते पाणी काचेच्या मापात ओतून आकडा लिहिणारा कर्मचारी. त्याच्या पुढची पायरी म्हणजे घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या कागदावर लेखणीने रेघ ओढणारा पर्जन्यलेखक. आता महसूल मंडळांतून स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. त्यांत बहुधा तराजूसारखी, दोन लहान वाट्यांची जोडी असते. एक वाटी ठराविक पाण्याने भरली की कलंडते आणि दुसरी तिच्या जागी येते. दर कलंडण्याबरोबर विजेचा एक ठोका मोजला जातो, वेळेसह. कल्पना सुरेख आहे. परंतु वाटी कलंडत असतानाच्या क्षणभरात पडणारे पाणी भरल्या वाटीतच जाते आणि मोजणीतून निसटते. रिमझिम पावसात ह्याने काही बिघडत नाही. मुसळधार पावसात मात्र वाट्या एकसारख्या कलंडत असतात, आणि नेमक्या त्याच वेळी यंत्र कमी मोजते. चांगल्या यंत्रात ह्यासाठी दुरुस्तीचे कोष्टक असते. ते लावले आहे की नाही, हे विचारावयाचे कोणी?

शासकीय मदतीसाठी २४ तासांत मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी, अशी आपल्याकडची कसोटी आहे. समजा खरा पाऊस ६७ झाला आणि जोराच्या सरीमुळे यंत्राने शेकडा चार कमी मोजला. नोंद होईल ६४.३. दोन वाट्या इकडच्या तिकडे, आणि मंडळ यादीबाहेर. दुसरा प्रकार ह्याहून साधा. पावसाचा दिवस साडेआठला सुरू होतो आणि साडेआठला संपतो. पहाटे सहापासून अकरापर्यंत ८० मिलिमीटर कोसळला, त्यातला ४५ साडेआठच्या आधी आणि ३५ नंतर, तर तो दोन दिवसांच्या खात्यांत वाटला जातो. ओढ्याला पूर एकच आला; वहीत अतिवृष्टी एकाही दिवशी नाही. आणि मंडळाच्या एका टोकाला असलेले ते नरसाळे, तळहातापेक्षा फार मोठे नसलेले, पंधरा-वीस गावांच्या वतीने साक्ष देत असते! द्राक्ष-डाळिंबांच्या हवामानावर आधारलेल्या विम्यात तर शेत कोणी पाहतच नाही. केंद्राची नोंद हीच सर्वस्व.

म्हणून व्यापारी कायद्याचा एक जुना प्रश्न येथे पुन्हा जिवंत होतो. १८७२ च्या करार कायद्याचे ३० वे कलम सांगते, की पैजेचा करार रद्दबातल. उद्या अमुक केंद्रात इतका पाऊस पडला तर मी तुला इतके देईन, ही पैज नव्हे काय? वकील उत्तर देतात, नव्हे. कारण शेतकऱ्याचे त्या पावसात विमायोग्य हित आहे, त्याचे पीक बुडते. उत्तर योग्य आहे. पण केंद्राचा पाऊस आणि शेतातला पाऊस ह्यांचा संबंध जितका सैल, तितका तो करार पैजेच्या जवळ सरकतो, असे माझे मत आहे. आणि तो संबंध किती सैल हे मोजणे पुन्हा गणिताचे काम. कायदा प्रश्न विचारतो. उत्तर देण्याची साधने त्याच्या दप्तरात नाहीत.

पुराव्याचेही असेच. यंत्रातली नोंद न्यायालयात कशी दाखल करावी, ह्याचे नियम पुरावा कायद्यात २००० साली आले. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे ६३ वे कलम आहे. नोंद ज्या संगणकातून निघाली तो नीट चालत होता, नोंदीत नंतर फेरफार झाला नाही, असे प्रमाणपत्र द्यावे लागते. ठीकच आहे. पण त्या प्रमाणपत्राने आकडा जसा नोंदला तसाच आला एवढे सिद्ध होते. नरसाळ्यात चिमणीने काड्या आणून टाकल्या होत्या की काय, शेजारचे लिंबाचे झाड वाढून वर आले होते की काय, ह्याबद्दल प्रमाणपत्र गप्प असते. कागद खरा आणि आकडा खोटा, असे होऊ शकते.

मला हे सारे पुस्तकातून कळले असते तर मी इतके बोललो नसतो. माझे थोरले बंधू शेती करतात. एका वर्षी काढणीच्या वेळी पाऊस लागला, कापलेले सोयाबीन पाण्यावर तरंगले. दोन दिवस वीज नव्हती, फोन मेलेला. तिसऱ्या दिवशी दादा चिखल तुडवीत फाट्यावर गेला, कोणाच्या तरी फोनला वीज होती त्यावरून लावू लागला, तर लागेना. चौथ्या दिवशी लागला. नोंद झाली चौथ्या दिवसाची. कंपनीचे उत्तर आले, मुदत उलटली. मी त्याच्या वतीने पत्र लिहावयास बसलो आणि विचारले, "तू आधी किती वेळा लावला होतास?" दादा म्हणाला, "आरं, ते काय मोजलंय व्हय? लागला तरच त्यांच्या वहीत येतंय. न लागलेला फोन कोन लिहून ठिवतंय?"

एवढे बोलून तो बैलांना वैरण टाकावयास निघून गेला. मी मात्र लेखणी हातात धरून बराच वेळ बसून राहिलो. नोंदयंत्राच्या रचनेतला एवढा मूलगामी दोष मला कोणत्याही ग्रंथात वाचावयास मिळाला नव्हता. यंत्र यशस्वी प्रयत्न नोंदते, अयशस्वी नोंदत नाही. आणि करार मात्र नोंद नाही म्हणजे प्रयत्नच नाही असे समजतो. कायद्याला ह्याची काही जाणीव नाही असे नाही. २०१७ साली चोरीला गेलेल्या एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की उशिराचे समाधानकारक कारण असेल तर केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नये. पण कारण सिद्ध करावयास पुरावा लागतो, आणि पुरावा त्या न लागलेल्या फोनचा! दादाच्या पत्राला उत्तर आले नाही.

२०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्याने पूर्वसूचनेचा हा रस्ता काढून टाकला आणि भरपाई कापणी प्रयोगांच्या उत्पन्नाशीच बांधली. म्हणजे ७२ तासांचे भांडण मिटले, परंतु सारा भार त्या ५० चौरस मीटरच्या तुकड्यावर आला. आणि त्याच सप्टेंबरात भूम, परंडा, कळंब भागांत जो पूर आला, तो आपण सर्वांनी पाहिला. परंड्यात माणसे काढावयास हेलिकॉप्टर आणावे लागले. ज्याच्या शेतातली मातीच वाहून गेली त्याचे शेत आणि माळावरचे न बुडालेले शेत, दोन्ही एकाच सरासरीत. दांडेकरांना ही अडचण ठाऊक होती. सारख्या हवामानाचा, सारख्या जमिनीचा टापू असावा, असे म्हणण्यामागे हीच जाण होती. महसूल मंडळाची हद्द मात्र सारा वसूल करण्याच्या सोयीने आखलेली. सीनेचा काठ आणि बालाघाटाचा माळ तिला सारखेच.

त्या विद्यार्थ्याचे काय झाले, असे आपण विचाराल. अखेर अर्थशास्त्रातच त्याची नोंदणी झाली. शीर्षक जरा सोज्वळ करावे लागले. संख्याशास्त्राचे एक प्राध्यापक रविवारी त्याला सूत्रे तपासून देतात. जिल्हा न्यायालयातले एक वकील त्याला निकालपत्रे वाचावयास शिकवितात, आणि तंत्रनिकेतनातल्या एका शिक्षकांनी त्याच्यासमोर वाट्यांचे यंत्र खोलून नळाखाली धरून दाखविले. नळ जोरात सोडला तेव्हा मोजणी मागे पडली. आम्ही चौघे मोठी माणसे आणि तो मुलगा, त्या नळाकडे पाहत उभे होतो. आमच्यापैकी कोणीही पूर्वी हे पाहिले नव्हते.

त्याने अभ्यासासाठी काही शेतांत साधे पर्जन्यमापक बसविले, त्यांतला एक आमच्या दादाकडे. दादाला त्याने वही दिली आणि सकाळी साडेआठला माप घेऊन लिहावयास सांगितले. दादाने पहिलाच प्रश्न मला विचारला, "ही वही कोर्टात चालती का?" मी म्हणालो, नुसती तुझी वही कोणी मानणार नाही, तारीख हवी, वेळ हवी, आणि आपला नव्हे अशा कोणाची तरी सही हवी. तेव्हापासून तो रोज सकाळी बांधापलीकडच्या शेतकऱ्याला हाक मारतो. पाऊस नसला तरी. शून्य लिहितो, आणि त्याची सही घेतो. मग दोघे चहा पितात.